फिरलेल्या खाटा

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते. तोंडी लावायला. पांढरी साडी, उलटे पाय, चिंचेखाली उभी असलेली बाई... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. मी व्यवसायाने नर्स आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असंही मला म्हणता येत नाही म्हणा, कारण माझी सगळी नोकरी न दिसणाऱ्या जंतूंशी भांडण्यात चालली आहे. पण जंतू निदान मायक्रोस्कोपखाली सापडतात. भूत अजून कुणी काचपट्टीवर घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे मी भूत पाहिलं असं इथे अजिबात लिहिणार नाही. काय पाहिलं तेवढंच सांगते, नाव काय द्यायचं ते तुम्ही बघा.

नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. कळसाडीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की कापसाच्या आणि उसाच्या शेतांमध्ये आमचा वृद्धाश्रम आहे. संस्था छोटी आहे, तिचं नाव देत नाही. पुरुषांचा एक हॉल, बायकांचा एक, मध्ये अंगणात कडुनिंब, मागे स्वयंपाकघर. मी तिथली सिस्टर, मी तिथली मॅनेजर, आणि टाकीचा नळ गळायला लागला की प्लंबरही मीच. स्वयंपाक आणि साफसफाईला सुमन. डॉक्टर आठवड्यातून एकदा शहाद्याहून येतात.

पुरुषांचा हॉल पूर्व-पश्चिम लांब आहे. दक्षिणेच्या भिंतीला उशा लावून एका ओळीत खाटा. समोरच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीत दार आणि खिडक्या. खिडक्यांबाहेर अंगण, त्यापलीकडे शेतं, आणि हवा स्वच्छ असली की शेतांच्या पार सातपुडा. एवढी रचना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संस्थेने सुरुवातीला लोखंडी पलंग दिले होते. म्हाताऱ्यांनी आठवडाभरात ते नाकारले. अंग दुखतं, झोप लागत नाही, दवाखान्यात पडल्यासारखं वाटतं... शेवटी पाइपची चौकट आणि नायलॉनची दोरी अशा खाटा आल्या. मलाही बऱ्या वाटल्या, पुसायला सोप्या. एकच कटकट, दोरी सैल पडून खाटेची झोळी होते आणि पायथ्याचे दोर पुन्हा ताणून बांधावे लागतात. ते काम आप्पांचं.

आप्पा कळसाडीकडचेच मोठे शेतकरी. बायको गेलेली, मुलं सुरतेला. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात कायमचा लुळा पडला होता, पण बसून राहणं माहीत नाही. चौकटीवर पाय रोवायचा, दोराचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. बैल बांधायची गाठ असते तीच, पण डाव्या हाताने मारलेली, म्हणून उलटी पडायची. उरलेलं टोक परत आत खोचायचे. कुणी मदतीला गेलं तर शिव्या खायचा. मी पहिल्या दिवशी गेले होते, मलाही मिळाल्या.

आप्पांच्या शेजारची खाट दित्याबाबांची. तोरणमाळच्या बाजूचे, डोंगरातले. तरुणपणी खाली सपाटीवर कामाला आले आणि आप्पांच्याच शेतावर सालदार म्हणून राहिले, म्हणजे वर्षाच्या बोलीने. कित्येक वर्षं. त्यांची मुलं दरवर्षी मजुरीला गुजरातेत जातात, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ते आमच्याकडे आले. मालक आणि सालदार म्हातारपणी शेजारशेजारच्या खाटांवर! आप्पा दित्याबाबांशी कधी गोड बोलले असतील तर माझ्यासमोर नाही. पण सकाळचा चहा आला की अर्धा बशीत ओतून बशी शेजारी सरकवायचे आणि दुसरीकडे बघत बसायचे.

त्या बशीवरून मी किती वेळा ओरडले असेन! दित्याबाबांना जुना टीबी होऊन गेलेला. बरा झाला, पण फुप्फुसावर त्याचे व्रण राहिले. अशा माणसाला साधा फ्लूही महागात पडतो. म्हणून मी प्रत्येकाच्या ग्लासाला वेगळ्या रंगाचा पट्टा मारला, फाटकाशी हात धुवायला साबण टांगला, सर्दी असेल त्या पाहुण्याला अंगणातूनच परत पाठवायला लागले. खिडक्या उघड्या ठेवा म्हणून रोज सांगायचे. थंडीत सगळे खिडक्या लावून घेत. एकटे दित्याबाबा आपल्या समोरची खिडकी उघडी ठेवत, कुणी लावली तर उठून परत उघडत. मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. एवढ्या जणांत माझं ऐकणारा एक तरी आहे म्हणून मला फार बरं वाटायचं.

दोघे आमच्याकडे आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत तापखोकला सुरू झाला. हॉलमध्ये खाटा जवळजवळ, जास्त लांब करायला जागा नाही. अशा वेळी एक साधा उपाय असतो. एक खाट सोडून एक खाट उलटी फिरवायची. एकाचं डोकं भिंतीकडे, शेजारच्याचं दाराकडे. खाटा तिथेच राहतात, पण तोंडं लांब जातात. खर्च शून्य. मी दाराकडून मोजत कुठल्या खाटा फिरवायच्या ते ठरवलं. त्यात दित्याबाबांची खाट येत होती. सुमनला हाक मारली आणि तिथूनच सुरुवात केली.

आप्पा ताडकन उठून उभे राहिले.

"बाई, हाई काय करी ऱ्हायनी तू?"

मी समजावून सांगितलं. खोकला, थुंकीचे कण, अंतर... मी नंदुरबारची, घरी अहिराणीच बोलते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

"उत्तरले डोकं मढानं करतस!" आप्पा गरजले. "आम्ही काय सरनवर जाई ऱ्हायनूत का?"

झालं. हॉलमधल्या सगळ्यांच्या ते एकदम लक्षात आलं. दक्षिणेला डोकं करून झोपायचं, उत्तरेला करायचं ते तिरडीवर. मी कपाळाला हात लावला. दित्याबाबा मात्र हसत होते.

"माले काय, कथाबी डोकं करी झोपसू. जिमीन सारखीच शे."

"तू गप बैस," आप्पा त्यांच्यावर खेकसले, आणि मला म्हणाले, "दित्यानी खाट फिरावानी नही. मी जित्ता शे तवलोंग नही."

मी खाटा सोडून नुसत्या उशा फिरवून पाहिल्या. पाठ वळताच उशा परत दक्षिणेला. मग मी नाद सोडला.

पुढच्याच आठवड्यात आप्पांच्या चुलतभावाच्या घरी मयत झालं. द्वारदर्शनाला जायलाच हवं, असं आप्पांचं म्हणणं. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला गेलं नाही तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे मीही अडवू शकले नाही. मास्क दिला. तो सदऱ्याच्या खिशात गेला आणि खिशातूनच परत आला. तिथे दाटीवाटीने बसलेल्या घरात अर्धी माणसं खोकत होती म्हणे. आल्यावर मी म्हटलं, चार दिवस पलीकडच्या खोलीत झोपा. तर उत्तर आलं, "माले वाळीत टाकी ऱ्हायनी का?"

आप्पा आपल्याच खाटेवर झोपले. खोकला आला की उपरण्यात दाबायचे, म्हणजे मला कळू नये. मला कळलं तोवर दित्याबाबांना हुडहुडी भरलेली होती. दोघांच्या उशांत हातभराचं अंतर... बशीही चालूच होती.

दोघांनाही दवाखान्यात हलवलं. दित्याबाबा न्यूमोनियातून कसेबसे वाचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, यांना पुन्हा असं काही झालं तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. आप्पा वाचले नाहीत. शुद्ध होती तोवर मी एकदा त्यांच्याजवळ बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, बोलायला दम पुरत नव्हता.

"दित्याले मन्हाच खोकला लागना," ते म्हणाले. "तुन्हं ऐकाले पाह्यजे व्हतं."

मी म्हटलं, आप्पा, आता बोलू नका. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"त्याले संभाय."

मी हो म्हटलं. रडूही आलं, लपवत नाही. रोज शिव्या देणाऱ्या माणसाने असं मऊ बोललेलं मला सहन होत नाही.

त्यानंतर वर्षभर आप्पांची खाट रिकामीच राहिली. दित्याबाबांच्या शेजारी कुणाला झोपवायला माझं मन होईना, आणि खरं तर मोकळी खाट मध्ये असलेली बरी. वर्षभर खाटा कुणी ताणल्याही नाहीत. सगळ्यांच्या झोळ्या झाल्या. गावातून कुणाला तरी बोलावू म्हणत राहिले, राहून गेलं.

दुसरा हिवाळा आला. या वेळी मी जय्यत तयारीत होते. सगळ्यांना फ्लूची लस टोचून घेतली. पलीकडच्या खोलीला 'पाहुण्यांची खोली' असं नाव दिलं, तिथे टीव्ही ठेवला आणि तिथे राहणाऱ्याला रोज शिरा मिळेल असं जाहीर केलं. परिणाम असा झाला की दुसऱ्याच दिवशी तीन म्हातारे माझ्यासमोर येऊन खोटं खोटं खोकून गेले. पण खरा खोकला आता कुणी लपवणार नाही, तेवढं माझं काम झालं.

खाटांचं मात्र जमेना. मी पुन्हा विषय काढला, तर या वेळी सुकाबापू पुढे झाले. त्यांची खाट दित्याबाबांच्या दुसऱ्या बाजूला. बोलायला एरवी मवाळ माणूस, पण या बाबतीत हटेना.

"बाई, आप्पा नही म्हनेल व्हतात. गयेल मानुसना शबद कसा मोडाना?"

आता गेलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? मी हात टेकले. पण मनात धास्ती बसली होती. आजूबाजूला पुन्हा खोकला सुरू झालेला, आणि सुकाबापूंची उशी दित्याबाबांच्या उशीला जवळजवळ लागून. 'त्याले संभाय' हे शब्द कानात होतेच.

आता ती गोष्ट.

ऊन छान पडलं होतं. नाश्ता झाला आणि सगळे अंगणात कडुनिंबापाशी येऊन बसले. त्या दिवशी न्हावी आला होता, म्हणून एकूण एक पुरुष बाहेर. दाढी हा आमच्याकडे मोठा कार्यक्रम असतो. न्हाव्याचं सामान मी आधी उकळत्या पाण्यातून काढून घेते, पातं प्रत्येकाला नवं. न्हावी मला मनातल्या मनात काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे.

हॉल रिकामा मिळाला म्हणून सुमनने ब्लिचिंगच्या पाण्याने फरशी पुसली. ओल्या फरशीवर कुणी घसरू नये म्हणून पुसून झालं की दाराला कुलूप लावायचं हा माझा नियम. पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते फ्लूपेक्षा वाईट. सुमनने कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मी ती पदराला बांधली. तेव्हा उघड्या खिडकीतून मी स्वतः आत पाहिलं होतं, फरशी नीट पुसली की नाही म्हणून. सगळ्या उशा दक्षिणेला होत्या. हे मी शपथेवर सांगते, कारण त्या उशांवरूनच आदल्या दिवशी माझं भांडण झालं होतं आणि पाहून मला परत चीड आली होती.

खिडक्यांना गज आहेत. दुसरं दार नाही. सीसीटीव्ही आहे का असं विचारू नका, आमचा इन्व्हर्टर धड चालत नाही.

मी झाडाखाली दित्याबाबांची छाती तपासत बसले. सुमन माझ्यासमोरच मेथी निवडत होती. कोण उठलं, कोण कुठे गेलं, सगळं नजरेसमोर होतं. हॉलचं दारही तिथून समोर दिसतं. आतून कसलाही आवाज आला नाही.

फरशी वाळली असेल म्हणून सुमन किल्ली घेऊन गेली. कुलूप उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"माय वं माय... ताई, खाटा तुम्ही फिराव्यात का?"

मी उठून गेले. एक खाट सोडून एक खाट फिरलेली होती. दक्षिण, उत्तर, दक्षिण, उत्तर, पार टोकापर्यंत. उशा, चादरी, घडी घातलेल्या गोधड्या, सगळं ज्याचं त्याच्या खाटेवर जागच्या जागी. ब्लिचिंगचं पाणी वाळलं की आमच्या काळ्या फरशीवर पांढुरका थर राहतो, बोट फिरवलं तरी उमटतं. त्या थरावर एक पाऊल नव्हतं. खाट ओढल्याची रेघ नव्हती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? की सुमनने चावटपणा केला. मी तिच्याकडे पाहिलं.

"मन्हाकडे काय देखतस?" ती चिडली. "तुमनासमोर भाजी निवडी ऱ्हायनू व्हतू मी. आनि मन्ही कंबर देखी का? माले एक खाट उचलाय नही."

ते खरं होतं. तोवर सगळे दाराशी जमले होते. अर्ध्या गालाला साबण लावलेले सुकाबापूही. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. एकटीच गेले, पहिल्या फिरलेल्या खाटेवर हात ठेवला... आणि हात दबला नाही. दोरी ताठ होती. आदल्या दिवसापर्यंत जिची झोळी झाली होती, ती खाट टणक ताणलेली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. फिरलेल्या सगळ्या ताणलेल्या. न फिरलेल्या होत्या तशाच सैल.

खाट हलकी असते, कुणीही फिरवेल, मान्य. पण दोर ताणायला वेळ लागतो, घाम निघतो. मी पायथ्याशी वाकून पाहिलं. मग वळून दित्याबाबांना हाक मारली.

ते काठी टेकत आले, खाली बसले, गाठीवरून अंगठा फिरवला. उरलेलं टोक परत आत खोचलेलं होतं.

"हाई आप्पानी गाठ शे," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती. ओळखीचा माणूस दिसल्यावर जसं म्हणतात तसं म्हणाले. "डावा हातनी. उलटी पडस."

मी घाबरले, सरळ सांगते. भरदिवसा, इतक्या माणसांत, ब्लिचिंगच्या वासात मी घाबरले.

मला वाटलं आता हे सगळे सामान आवरून निघणार. पण सुकाबापूंनी गालावरचा साबण उपरण्याने पुसला, आत आले आणि आपल्या फिरलेल्या खाटेवर बसून पाहिलं. त्यांची खाट फिरली होती. दित्याबाबांच्या पलीकडची आप्पांची रिकामी खाटही फिरली होती. आप्पांना आता उत्तरेची कसली भीती!

"आप्पानी करेल शे," सुकाबापू म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

त्या रात्रीपासून निम्मा हॉल उत्तरेला डोकं करून झोपू लागला. मी वर्षभर घसा फोडून जे झालं नाही, ते असं झालं.

आणि चारच दिवसांत सुकाबापूंना ताप आला. खरा खोकला, खरा फ्लू. त्यांनी तो लपवला नाही, सकाळी उठून स्वतः सांगितलं आणि शिरा खायला पाहुण्यांच्या खोलीत गेले. पण तापाच्या आधीचे एक-दोन दिवस माणूस खोकला पसरवतच असतो. ते दिवस त्यांनी दित्याबाबांच्या शेजारी काढले होते, फक्त तोंड दुसऱ्या टोकाला होतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ दित्याबाबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचे आणि लावण्याआधी माझाच श्वास अडकायचा. हॉलमध्ये आणखी दोघांना ताप आला, बरे झाले. सुकाबापू बरे झाले. दित्याबाबांना साधी शिंकही आली नाही.

याचं श्रेय मी आप्पांच्या भुताला देणार नाही. लस होती, मास्क होते, साबण होता, उघडी खिडकी होती, आजारी माणूस वेळेवर वेगळा झाला. खाटा फिरल्या त्याचाही उपयोग झालाच असणार, पण तेही शास्त्रच आहे. शास्त्रात बसत नाही ते एवढंच की खाटा फिरवल्या कोणी.

मी सगळं तपासलं. कुलपाची दुसरी किल्ली संस्थेच्या कपाटात होती, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. आमच्यात कुणी डावखुरं नाही. तशी गाठ मी सगळ्यांना मारून दाखवायला लावली. कुणाला सरळ जमली, कुणाला नाही, उलटी कुणालाच जमली नाही. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, सिस्टर, तुम्हाला सुट्टीची गरज आहे. ते मला तसंही माहीत होतं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. मी फिरवायला निघाले होते त्या खाटांमध्ये दित्याबाबांची होती. इथे बरोबर उलट्या खाटा निवडलेल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या फिरल्या आणि त्यांची तेवढी होती तशी राहिली. अंतर तेवढंच मिळतं, उपाय तोच. मला ही निवड सुचलीच नव्हती, कारण मी नेहमी दारापासून मोजायला सुरुवात करते. पण मग अशीच निवड का?

साथ ओसरल्यावर एका सकाळी मी बीपी बघायला गेले. दित्याबाबा नुकतेच उठून खाटेवर बसले होते. समोरची खिडकी उघडी. मी आपलं कौतुकाने म्हटलं, बाबा, तुमनासारखं मन्हं कोनी ऐकत नही. खिडकी कायम उघडी ठेवतस.

ते हसले. दात नसलेलं, तोंडभर हसू.

"बाई, हवासाठे नही वं." त्यांनी हात लांब केला. धुकं विरत होतं आणि शेतांच्या पार सातपुड्याची निळी ओळ दिसायला लागली होती. "उठनू का तो दिसाले पाह्यजे. तठे मन्हं घर शे."

म्हणजे माझं ऐकणारा तो एकही नव्हता! मी त्यांच्या शेजारी बसले. तिथून खरंच सगळा डोंगर दिसतो. दक्षिणेला डोकं करून झोपलेला माणूस डोळे उघडून उठून बसला की समोर तोच. खाट फिरवली असती तर रोज सकाळी समोर भिंत आली असती.

मी विचारलं, आप्पाले हाई ठाऊक व्हतं का?

"व्हतं ना. तू मन्ही खाट फिरावाले उनी व्हती, तो दिन माले म्हने, दित्या, तू काय बोलू नको. तुन्हा डोंगर कोठे जावाव नही. मी देखी लेसू."

मढं, सरण, उत्तर... एवढा आरडाओरडा केला त्या माणसाने. आपल्या सालदाराला सकाळी डोंगर दिसावा म्हणून भांडतोय, असं सांगायला मात्र त्याची जीभ वळली नाही. मी बीपीचा पट्टा दित्याबाबांच्या दंडाला गुंडाळला.

यंदा हॉलला रंग लावला. खाटा सगळ्या बाहेर काढल्या होत्या. परत लावताना मी स्वतः उभी राहिले आणि तशाच लावून घेतल्या, एक अशी, एक तशी. त्या गाठी मी कुणाला सोडू दिल्या नाहीत. तपासणीला येणारे साहेब लोक विचारतात, सिस्टर, खाटा अशा का? मी सांगते, इन्फेक्शन कंट्रोल. त्यात काही खोटं नाही. ते मान डोलावतात आणि पुढे जातात. दित्याबाबांचीच खाट का फिरवली नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांना त्या खाटेवर बसवून खिडकी उघडून दाखवेन. पण खाटा फिरवल्या कोणी असं विचारलं, तर शेजारच्या खाटेच्या पायथ्याची ती उलटी गाठ दाखवेन.